द्वारकीचा पाट

गुडीहत्नूर
४ नोव्हेंबर २०२४

आदरणीय मामा,

सप्रेम जयभीम. मी नीलिमा, हर्षदीपची बायको, म्हणजे तुमच्या बहिणीची, द्वारकाबाईंची सून. माझी शाळा इंद्रवेल्लीला सगळी तेलुगूत झाली. आता शिकवतेही तेलुगूतच. मराठी लिहायला मला आईंनी शिकवलं, म्हणून चुकलं तर सांभाळून घ्या. फोनच केला असता, पण तुम्हाला कमी ऐकू येतं, फोनवर तर शिट्टीशिवाय काहीच ऐकू येत नाही आणि मोबाइलवरचं वाचायला तुम्ही तयार नाही, असं हर्षदीप म्हणाले.

बातमी फार आनंदाची आहे. आईंचा पाट पक्का झाला! आदिलाबादचे नागेश सर घरी आले होते. चहा झाला, दोन तास बसले आणि जागेवरच हो म्हणाले. म्हणाले, असा पाट आपल्या जिल्ह्यात आजवर झालेला नाही. १६ फेब्रुवारीला आदिलाबादच्या मोठ्या हॉलमध्ये आहे, चारशे माणसं येतील. याआधी इंद्रवेल्लीला दोन झाले होते, पण ते अगदी लहान, घरगुती.

आई म्हणत होत्या, "भाऊले सांगू नको व, तो मले जगू नाई देनार." पण एवढी मोठी गोष्ट सख्ख्या भावापासून लपवायची कशी? बाबा जाऊन नऊ वर्षं झाली, इतक्या वर्षांत मी आईंना असं खूश पाहिलं नाही. नागेश सरांचा फोन आला की हातातलं टाकून धावतात. तुम्ही आलात तर त्यांना बरं वाटेल.

तुमची,
नीलिमा


पांढरकवडा
११ नोव्हेंबर २०२४

द्वारकी,

जयभीम. सप्रेम लिहीत नाही, कारण सध्या ते सापडत नाही.

तुझ्या सुनेचं पत्र आलं. मी ते उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं, मग चष्मा पुसून वाचलं. आमच्या सुनेला, वृषालीला, वाचायला दिलं, तर ती "अय्या!" म्हणून तोंडाला पदर लावून आत पळाली. म्हणजे मी वाचलं ते बरोबरच होतं.

पाट! एकसष्टाव्या वर्षी! आणि याआधी इंद्रवेल्लीला दोन झाले? ते दोघं कोण? आहेत की गेले? "घरगुती" म्हणजे काय? मी तुझा सख्खा भाऊ, दोन तासांच्या वाटेवर राहतो. मला मेल्यात धरलंस का?

गैरसमज करून घेऊ नकोस. मी पुनर्विवाहाच्या विरोधात नाही. १९८८ साली याच गावात विधवांच्या पुनर्विवाहाच्या सभेचा मी अध्यक्ष होतो. सव्वा तास बोललो होतो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण सभा वेगळी आणि बहीण वेगळी, हे मला त्या दिवशी कोणी सांगितलं नव्हतं.

हा नागेश कोण? वय काय? पेन्शनवाला आहे की अजून नोकरीत? पहिली बायको आहे की नाही? चारशे माणसं कशाला बोलवता? या वयात करायचंच तर दहा माणसांत, विहारात, सकाळी उरकून टाकावं. हॉल कसला घेता! तुझा नवरा चंपतराव देवमाणूस होता. त्याच्या मागं हे काय?

उलट टपाली उत्तर पाठव. माझं बीपी वाढलं आहे.

महिपत


पांढरकवडा
२४ नोव्हेंबर २०२४

द्वारके,

सप्रेम जयभीम.

तुझं उत्तर नाही. मागच्या पत्रात मी जे लिहिलं ते माझ्या रक्तदाबानं लिहिलं, असं समज.

तेरा दिवस मी विचार करतो आहे. विहारात जाऊन बसलो. तिथल्या चार म्हाताऱ्यांना विचारलं, समजा एखाद्या माणसाच्या बहिणीनं असं केलं तर? तीन जण म्हणाले, वाईट काय? चौथा म्हणाला, "महिपतराव, तुमची बहीन काय?" आणि मी मान खाली घातली. मग मला माझीच लाज वाटली. अध्यक्ष म्हणून सव्वा तास बोलणाऱ्यानं मान खाली का घालावी?

तुझ्या पहिल्या लग्नात तुला कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही. मुलगा नोकरीत आहे, एवढंच पाहिलं. तू अठरा वर्षांची होतीस आणि बसमध्ये रडत होतीस. आता तुझं तू ठरवलं आहेस, तर मी आड येणारा कोण?

तेव्हा कर. मला तुझा पाट मान्य आहे. वृषालीच्या पसंतीनं एक साडी पाठवतो आहे, मोरपंखी. नागेशरावांना माझा जयभीम सांग. त्यांचं कूळ, गाव, वय, यातलं काही विचारत नाही. (वय सांगितलंस तर बरं.)

तुझा,
भाऊ


गुडीहत्नूर
१ डिसेंबर २०२४

भाऊ,

सप्रेम जयभीम.

तुझी दोन्ही पत्रं एकाच दिवशी मिळाली. पहिलं शेजारच्या घरी पडलं होतं. मी पहिलं आधी वाचलं आणि ओट्याला धरून उभी राहिले. माझ्या भावाला माझ्याबद्दल असं वाटू शकतं? दोन आधीचे, "आहेत की गेले?" भाऊ, असं कोणी बहिणीला विचारतं का? मग दुसरं वाचलं आणि आणखीच गोंधळले. हसावं की रडावं ते कळेना. शेवटी दोन्ही केलं.

नीट ऐक. तेलुगूत पाट म्हणजे गाणं. नुसतं गाणं. नीलिमा घरी-दारी तेच म्हणते, तिच्या कानावर आपला जुना पाट, दुसऱ्या लग्नाचा, कधी पडलाच नाही. तुझी पत्रं वाचून दाखवली, तेव्हापासून ती माझ्यासमोर मान वर करत नाही. नागेश सर चौतीस वर्षांचे आहेत, त्यांना दोन लेकरं आहेत आणि ते मला अम्मा म्हणतात. जिल्ह्यातली बायकांची गाणी गोळा करतात. माझं गाणं त्यांनी निवडलं, त्याचा कार्यक्रम आहे. इंद्रवेल्लीलाही दोन गाणीच म्हटली होती, शाळेच्या अंगणात.

तुला सांगितलं नव्हतं, आता सांगते. मी गाणी करते. या गावात मी लग्न करून आले तेव्हा पहिल्याच पंगतीत वरण वाढत होते. एक तेलुगू पाहुणा पानावर हात धरून म्हणाला, "चालु, चालु." मला वाटलं, वाढणं चालू ठेव म्हणतो. मी वाढतच गेले. वरण पानाबाहेर, पानातून धोतरावर. तेलुगूत चालु म्हणजे पुरे, हे मला सासूनं चिमटा काढून सांगितलं. तेव्हा रडले होते. पण असे शब्द कानात राहत गेले, दोन्हीकडे सारखे वाजणारे आणि अर्थाला वेगळे. तेलुगूत पनि म्हणजे काम, आपल्या बोलीत पानी म्हणजे पाणी. त्यांच्यावर मी गाणी रचते. एक ओळ मराठी, तिला उत्तर देणारी तेलुगू. कापूस वेचताना आमच्या बाया एका तासातून, म्हणजे कपाशीच्या रांगेतून, म्हणतात, त्यांच्या दुसऱ्यातून उत्तर देतात.

एकेचाळीस झाली. एकही लिहिलेलं नाही. लग्नात माझी गाण्यांची वही बसमध्ये हरवली, तुला आठवत असेल, तेव्हापासून कागदावर विश्वास नाही. गाणं झालं की ते एकेका बाईला ठेवायला देते. एकीला एकच. "चालू"चं भागाबाईकडे, "पनि"चं पोचम्माकडे, आणखी एक विमलबाईकडे. ज्या बाईकडे जे आहे ते तिनं विसरायचं नाही.

साडी सुंदर आहे. कार्यक्रमात तीच नेसणार.

तुझी,
द्वारका


पांढरकवडा
१० डिसेंबर २०२४

द्वारकी,

पाट असता तर परवडलं असतं!

खरं सांगतो. तेरा दिवस खर्चून मी लग्न पचवलं होतं. विहारात चारचौघांत बोललो होतो. आता तू म्हणतेस, लग्न नाही, गाणं आहे. चारशे लोकांपुढं, व्यासपीठावर, एकसष्टाव्या वर्षी, अर्धं तेलुगू अर्धं मराठी! मी पत्र वाचून सुन्न झालो.

तुझा मुलगा मंडल कार्यालयात नोकरीला, सून शिक्षिका. लोक काय म्हणतील? साहेबाची आई शेतात तासातासातून गाणी म्हणत फिरते. लग्नाला कारण तरी असतं. म्हातारपणी सोबत लागते, औषधपाणी लागतं, हे मी कोणालाही समजावून सांगू शकतो. गाण्याचं कारण काय सांगू? याचा उपयोग काय? या वयात ही कसल्या नादी लागलीस तू?

हॉलमध्ये गाऊ नकोस. सरांना कळव की तब्येत बरी नाही. कधी नव्हे ते एक मागतो आहे.

आणि त्या वहीची गोष्ट पुन्हा काढू नकोस. झालं ते झालं.

महिपत


गुडीहत्नूर
२० डिसेंबर २०२४

भाऊ,

उपयोग विचारलास. काहीच नाही. नागेश सरांना भेटून दोन वर्षं झाली, त्याआधी सहा-सात वर्षं मी करतच होते. ते उद्या आले नाहीत तरी करीन.

हर्षदीपचे बाबा गेले तेव्हा मला नऊ महिने जेवणाची चव नव्हती. सगळे चांगलं वागत. खा म्हटलं की मी खायचे, बस म्हटलं की बसायचे, पाहुणे आले की रडायचे. दिवसभरात स्वतःहून केलेलं एकही काम नसायचं. कोणी तरी सांगितलेलं तरी असायचं, नाही तर करायचंच म्हणून ठरलेलं. घरी बसवेना म्हणून भागाबाईबरोबर वेचायला गेले. हर्षदीपला आवडलं नाही, अजून आवडत नाही. वेचताना हात आपोआप चालतात आणि डोकं मोकळं राहतं. एका दुपारी एक मराठी ओळ आणि एक तेलुगू ओळ एकमेकींना जाऊन चिकटल्या. मी त्यांना चिकटवलं नाही, आपणच चिकटल्या. मी तासातच ताठ उभी राहिले. मुकादमीण ओरडली, "काऊन व, साप दिसला काय?" मी म्हटलं, "नाई, सापडलं." त्या दिवशी घरी येऊन मी तीन भाकरी खाल्ल्या. नीलिमा बघतच राहिली.

एवढाच उपयोग. लोकांना सांगायला पुरेसा नाही, मला पुरतो. तू कधीच काही मागत नाहीस, म्हणून नाही म्हणताना वाईट वाटतं. पण हॉलमध्ये गाणार आहे. परवानगी मागत नाही, कळवते आहे.

एक विचारू? वहीची गोष्ट काढू नको, असं का लिहिलंस? वही तर माझी हरवली. ती आठवून तुला का राग यावा?

द्वारका


पांढरकवडा
२ जानेवारी २०२५

द्वारके,

हे पत्र चार वेळा फाडलं. हे पाचवं.

तुझी वही हरवली नव्हती. मी जाळली.

तुझ्या पाठवणीच्या सकाळी न्हाणीचा बंब पेटलेला होता. तुझी पेटी भरून ओसरीत ठेवली होती. मी वही काढली, बंबात घातली, वर दोन गोवऱ्या टाकल्या. मग तुम्ही बसमध्ये बसलात. तू पेटी उघडून पाहिलीस आणि रडायला लागलीस, तर मीच म्हटलं, स्टँडवर राहिली असेल. तुझ्याबरोबर खाली उतरलो. बाकाखाली वाकून शोधली. कंडक्टरला विचारलं. हे सगळं करताना माझ्या बोटांना राख लागलेली होती.

त्रेचाळीस वर्षं मी स्वतःला सांगत आलो की सासरच्यांसाठी केलं. बघायला आले तेव्हा तुझा सासरा म्हणाला होता, "पोरगी गाते म्हनतात." मी म्हटलं, "नाई गात." ते खरं व्हावं म्हणून जाळली, असं. पण ते खोटं आहे. सासरा तर हसून विचारत होता.

खरं कारण हे. मला कचेरीत बाबूची नोकरी लागली तेव्हा तू एक गाणं केलं होतंस. सगळ्या वस्तीतल्या पोरी म्हणायच्या. एक दिवस कचेरीचा शिपाई माझ्यासमोर फायली लावता लावता ते गुणगुणत होता. त्या वहीत ते पहिल्या पानावर होतं. मला ते अजून येतं:

भाऊ माझा बाबू झाला, खिशाले दोन पेन,
माय मागे पानी, तं म्हने अर्ज लिवून देन.

दोन ओळींसाठी मी तुझी सगळी वही जाळली. आता कानांनी धड ऐकू येत नाही, पण हे ऐकू येतं.

पुढं लिहवत नाही.

महिपत


गुडीहत्नूर
२७ जानेवारी २०२५

मामा,

तुम्ही आईंना काय लिहिलंत?

पत्र आलं त्या दिवशी आईंनी ते दारातच उघडलं. वाचता वाचता खाली बसल्या. मी धावले, वाटलं चक्कर आली. म्हणाल्या, "काई नाई, तू जाय आत." पत्र उशाखाली ठेवलं, मला दाखवलं नाही. तेव्हापासून वेचायला जात नाहीत. घरात एक ओळ ऐकू येत नाही. भांडी घासतानाही नाही. हर्षदीप आधी म्हणायचे, घरी बसा, आता तेच घाबरले आहेत. नार्नूरच्या कार्यालयातून रोज दोनदा फोन करून विचारतात, "आई काई बोलली?"

काल नागेश सरांचा फोन आला. आईंनी मला सांगायला लावलं, "नाव काटून टाका." वीस दिवस राहिले आहेत. पत्रिका छापून झाल्या आहेत. पण पत्रिकेचं जाऊ द्या. बाबा गेल्यानंतरचे ते नऊ महिने मी पाहिलेत, मामा. परत तेच दिसतंय. जेवणाची थाळी तशीच परत येते.

पहिलं पत्र मीच लिहिलं होतं तुम्हाला. ते लिहिलं नसतं तर बरं झालं असतं.

नीलिमा


गुडीहत्नूर
२१ फेब्रुवारी २०२५

भाऊ,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला पन्नास दिवस लागले.

पहिले काही दिवस मला विश्वासच बसेना. स्टँडवर बाकाखाली वाकलेला तू मला स्पष्ट आठवतोस. तुझा सदरा मागून वर गेला होता. लग्न होऊन मी परक्या मुलखात चालले होते आणि मला वाटलं होतं, असा भाऊ आहे मला, वहीसाठी धुळीत गुडघे टेकणारा. त्यावर मी त्रेचाळीस वर्षं काढली. सासरी कोणी बोललं की ते आठवायचे. वही गेल्याचं दुःख मी कधीच पचवलं होतं. त्या बाकाखालच्या भावाचं काय करू, ते सांग.

पुढं एके दिवशी पत्र दुमडून फक्त तुझ्या दोन ओळी मी नीलिमाला वाचायला दिल्या. तिनं मोठ्यानं वाचल्या आणि मी हसले. चांगलं गाणं आहे, असं वाटलं. मग लक्षात आलं की ते माझंच आहे. मला ते अजिबात आठवत नव्हतं, भाऊ. माझं गाणं मला अनोळखी झालं होतं. त्या वहीत सदतीस होती. राहिलेली छत्तीस काय होती, ते आता जगात कोणालाच ठाऊक नाही. कार्यक्रमाला आधीच नाही म्हटलं होतं, त्या दिवशी ठरवलं, बस झालं, पुन्हा गाणी कशाला करायची.

मग ९ तारखेला, रविवारी सकाळी, बाया आल्या. एकवीस जणी. वेचणी सोडून. भागाबाई सगळ्यांच्या पुढं. ओसरीत बसली आणि म्हणाली, "हे घे तुयं गानं वापस. तू मुकी बसून राह्यली, तं आमी काऊन सांबाळाव? आमच्या डोक्यात काय जागा उतू चालली?" पोचम्मा तेलुगूत तेच बोलली. एकेक जण आपलं गाणं म्हणायची आणि म्हणायची, "घे, झालं, सुटली मी." मी ऐकत होते, पण माझ्यापर्यंत काही पोहोचत नव्हतं. शेवटी भागाबाईनं "चालू"चं म्हटलं आणि तिसरी ओळ चुकीची म्हटली. मी म्हटलं, "असं नाई व." ती म्हणाली, "असंच हाय, मले तूच देल्लं." मी म्हटलं, "नाई देल्लं असं." आणि म्हणून दाखवलं. मग चौथी म्हटली. मग आवाज थांबेना. नीलिमा दारात उभी राहून रडत होती आणि बाया टाळ्या देत होत्या. भागाबाई खरंच चुकली की मुद्दाम, ते ती अजून सांगत नाही.

नीलिमानं नागेश सरांना नाव परत घालायला सांगितलं आणि १६ तारखेला मी गायले. तुझी साडी नेसले नाही, बोहारणीला दिली. माझी रोजचीच नेसले. समोर चारशे माणसं होती. अर्ध्यांना पहिली ओळ कळायची, अर्ध्यांना दुसरी, म्हणून हसू दोनदा यायचं, आधी एकीकडून, मग दुसरीकडून. मला ते फार आवडलं. बाकी सत्कार, शाल वगैरे जे व्हायचं ते झालं.

तुला माफ केलं असं लिहायला बसले होते, पण हात जात नाही. खोटं लिहिण्यापेक्षा थांबते. कधी तरी होईल, न झालं तर न होवो. पण तुझ्यापासून एक गोष्ट मला मिळाली. तू विचारलंस ना, कसल्या नादी लागलीस? तेलुगूत नादि म्हणजे माझं. इदि नादि, हे माझं आहे. पन्नास दिवस रागात घोळून त्याचं बेचाळिसावं झालं. आपल्याकडे ऊर म्हणजे छाती, त्यांच्याकडे ऊरु म्हणजे गाव. मा ऊरु, मन ऊरु, आमचं गाव, आपलं गाव. ते असं:

लोक म्हणती, लागली नादी,
इदि नादि, इदि नादि.
गाता गाता भरला ऊर,
मा ऊरु, मन ऊरु.

हे मी कोणत्याच बाईला दिलेलं नाही. नीलिमालाही नाही. तुझ्याकडे ठेवायला देते आहे. त्या वहीनंतर पहिल्यांदा कागदावर लिहिलं, कारण तुला ऐकू येत नाही. अट इतकीच. पाठ कर. चारही ओळी आल्या की हे पत्र बंबात घाल. मग ते फक्त तुझ्यात राहील, आणि तू विसरलास तर गेलं.

द्वारका


पांढरकवडा
१४ मार्च २०२५

द्वारके,

पत्र मिळाले. अट मान्य आहे.

रोज सकाळी अंगणात बसून म्हणतो. चाल मला ऐकू येणार नाही, म्हणून नुसते शब्द म्हणतो. किती मोठ्यानं म्हणतो ते कळत नाही. वृषाली म्हणते, चौकापर्यंत जातं आणि लोक विचारतात, महिपतरावांना काय झालं? इथल्या जिनिंगमध्ये तुमच्या आदिलाबादकडचा एक करण नावाचा मजूर आहे. त्याच्यासमोर बसून तोंड पाहून तेलुगू ओळी बसवल्या. तो आधी घाबरला होता, आता मी दिसलो की स्वतःच म्हणायला लागतो. विहारातल्या चार म्हाताऱ्यांना वही कशी गेली ते सांगितलं. चौघांनीही मान खाली घातली. मी नाही घातली.

पहिल्या तीन ओळी चार दिवसांतच आल्या. चौथी तर दुसरीतल्या लेकराला एका दमात येईल. पण चारही आल्या की पत्र जाळायचं आहे, आणि आमच्या घरी बंब अजून रोज पेटतो. म्हणून मी रोज चौथी ओळ चुकवतो.

महिपत